आधी श्वास सोडा

जिन्यात ओळखीच्या चपलांचा आवाज आला की काही घरांतली मुलं बोलता बोलता गप्प होतात. टीव्हीचा आवाज बारीक होतो, वह्या उघडल्या जातात आणि आठ वर्षांचं पोर कानोसा घेत राहतं. आज पाऊल नीट पडतंय की अडखळतंय? किल्ली एका दमात कुलपात गेली की दोन-तीनदा खरडली? या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. त्या पोराने श्वास रोखलेला असतो. आपला आवाज होऊ नये म्हणून, बाहेरचं नीट ऐकू यावं म्हणून, आणि मुख्य म्हणजे संकटाची चाहूल लागली की शरीर आपसूक तेच करतं म्हणून. पोट आत ओढलं जातं, खांदे वर चढतात, श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो.

असं एखाद्या वेळी झालं तर शरीर थोड्या वेळात पूर्वपदावर येतं. रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षं होत राहिलं तर तीच श्वास घेण्याची रीत होऊन बसते. मूल मोठं होतं, ते घर सुटतं, कधी कधी मारणारा माणूसही या जगात उरत नाही. पण ऑफिसात साहेबांनी आवाज चढवला, शेजारी कुणी भांडं आपटलं, नवऱ्याने नुसत्या कपाळाला आठ्या घातल्या, की चाळिशीतल्या बाईचा श्वास नेमका त्याच जागी अडकतो. तिला वाटतं, आपण उगाच घाबरतो, आपलं मनच कच्चं. खरं तर लहानपणी जे शिकून ती जगली, तेच तिचं शरीर अजून इमानाने करत असतं.

बालपणीच्या आघातातून सावरण्यासाठी श्वासाचा उपयोग होतो, याबद्दल मला शंका नाही. पण आपल्याकडे श्वासाचे व्यायाम ज्या थाटात सांगितले जातात, म्हणजे डोळे मिटा, छाती भरून श्वास घ्या, रोखून धरा, तो थाट अशा माणसांना अनेकदा बाधतो. म्हणून फायदा आणि धोका दोन्ही एकत्रच सांगायला हवेत.

आधी हा प्रश्न किती जणांचा आहे ते पाहू. अमेरिकेत सॅन डिएगो इथे १९८० च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणा कमी करण्याचा दवाखाना चालवत होते. वजन उत्तम उतरत असलेले रुग्णच उपचार अर्ध्यावर सोडून जात, याचं त्यांना कोडं पडलं. ते एकेकाशी बोलत गेले तेव्हा कळलं की त्यांतल्या कितीतरी जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले होते. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी मोठी पाहणी केली. तिच्यात १७ हजारांहून अधिक प्रौढ सहभागी झाले आणि पहिला निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसन, आईला होणारी मारहाण असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव बालपणी आलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे अनुभव नसलेल्यांपेक्षा चार ते बारा पटींनी जास्त दिसला. आणि ही माणसं बरीचशी सुशिक्षित, आरोग्यविमा असलेली, मध्यमवर्गीय होती.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल अत्याचारांवरचा अहवाल काढला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता. त्यात जवळपास तीनपैकी दोन मुलांनी मारहाण झाल्याचं सांगितलं, तर ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. बहुतेकांनी तोवर कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. ‘छडी लागे छमछम’ म्हणत आपण ज्या मारावर हसतो, तोसुद्धा या आकड्यांत आहे. त्या पाहणीतली मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. काही जण आईबाप झाले आहेत.

आता श्वासच का, हा प्रश्न. भीती वाटली की छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, पोटात गोळा येतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. हा सगळा कारभार अनुकंपी चेतासंस्था चालवते आणि तो आपल्या हुकमात नसतो. नाडीला सांगून नाडी उतरत नाही. श्वास मात्र दोन्हीकडचा आहे. झोपेत तो आपोआप चालतो आणि जागेपणी वाटलं तर आपण तो हळू करू शकतो, लांबवू शकतो. मेंदूच्या तळाशी, जिथून मज्जारज्जू सुरू होतो तिथे, श्वासाची लय धरणारा चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं की या पुंजक्यातल्या काही मोजक्या पेशी मेंदूला जागं आणि सावध ठेवणाऱ्या केंद्राकडे सतत खबर पाठवतात. त्या पेशी काढून टाकल्या तेव्हा उंदरांचा श्वास चालू राहिला, पण ते विलक्षण शांत झाले. म्हणजे श्वासाची लय बिघडली की सावधपणाची घंटा वाजते, आणि लय संथ झाली की ती घंटाही शांत होते.

दुसरी गोष्ट कुणालाही मनगटावर बोटं ठेवून पाहता येते. श्वास आत घेताना नाडी किंचित वेगाने चालते, सोडताना किंचित मंदावते. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ सालीच हे टिपलं होतं. सोडताना ती मंदावते ती व्हेगस नावाच्या चेतातंतूमुळे. तो मेंदूपासून निघून हृदय, फुफ्फुसं, पोट असा लांबवर जातो आणि हृदयाला आवर घालतो. त्याच्यातले सुमारे ८० टक्के धागे मात्र उलट दिशेने, शरीराकडून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत. त्यामुळे श्वास सोडायला जितका निवांत वेळ दिला जातो, तितका वेळ हृदयावरचा आवर टिकतो आणि ‘सध्या धोका नाही’ ही खबर शरीराकडूनच वर पोहोचते. मनाला लाख समजावून जे होत नाही ते कधी कधी अशा उलट्या वाटेने होतं.

एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आला की नाडीची आणि रक्तदाबाची चढउतार एका लयीत जुळते. इटलीतले लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ जणांना एकदा लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना आणि एकदा योगातला मंत्र म्हणायला लावून मोजमाप केलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. जगभरच्या भाविकांना हा वेग घड्याळाशिवाय सापडला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

महाराष्ट्रात तर या विषयाची शंभर वर्षांची परंपरा आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून योगक्रियांवरचे प्रयोग छापायला सुरुवात केली. श्वासाकडे श्रद्धेने पाहायचं आणि तो मोजायचाही, हे वळण तिथलं. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराचे पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवण्यात जातात. सोसायटीच्या हॉलमधले सकाळचे योगवर्ग तर गल्लोगल्ली आहेत.

अशाच एखाद्या वर्गात काय होतं ते जवळून बघा. चटया घातल्यात, शिक्षक प्रेमळ आहेत. ‘डोळे मिटा, पूर्ण श्वास घ्या, आता रोखा.’ आजूबाजूच्या बायका शांत बसल्यात. एकीच्या मात्र गळ्याशी काहीतरी दाटून येतं, हात थंड पडतात, हॉलच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. ती डोळे किलकिले करून दार कुठे आहे ते बघते. दुसऱ्या दिवशी ती येत नाही. ‘मला नाही जमत ते ध्यानबिन’, असं सांगते आणि स्वतःचीही तशीच समजूत घालते.

तिचं काय बिघडलं ते सांगता येतं. ज्याच्यावर नको तो प्रसंग अंधारात गुदरला त्याला डोळे मिटणं म्हणजे पहारा सोडणं वाटतं. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि शरीर गुदमरल्याची सूचना देतं. सामान्य माणसाला ती थोडी बेचैनी वाटते, पण ज्याचं तोंड लहानपणी कुणी दाबून धरलं होतं त्याच्यासाठी तो खुद्द तो प्रसंगच असतो. कपालभाती, भस्त्रिका असे जलद प्रकार केले की उलटं होतं. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. घबराटीच्या झटक्यातही हेच घडतं, त्यामुळे शरीराला दोन्हींतला फरक कळत नाही. आणि आसन सुधारायला शिक्षकाने मागून न विचारता खांद्यावर हात ठेवला, तर त्या माणसासाठी तो वर्ग तिथेच संपतो.

अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन ध्यानामुळे होणाऱ्या त्रासाचा बरीच वर्षं अभ्यास करत आहेत, आणि डेव्हिड ट्रेलेव्हन यांनी २०१८ मध्ये आघात लक्षात घेऊन माइंडफुलनेस कसं शिकवावं यावर पुस्तक लिहिलं. अशा माणसांसाठी विपश्यनेतलं दहा दिवस मौन, दिवसभर आत बघणं ही फार मोठी मात्रा आहे. विपश्यनेच्या अर्जातही मानसिक आजाराची विचारणा असते ती याचसाठी, आणि तिथे खरं लिहावं.

मग करायचं कसं? माझ्या मते सगळ्यात आधी बसायची जागा. मांडी घालून जमिनीवरच बसलं पाहिजे असं काही नाही. भिंतीला पाठ लागेल आणि दार नजरेत राहील अशी खुर्ची घ्यावी. दोन्ही पावलं जमिनीला टेकवावीत. डोळे उघडे. नजर कुठल्याही साध्या वस्तूवर, खिडकीच्या गजावर, कुंडीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. पहिले काही दिवस श्वासाकडे वळूच नये. तळपायाला फरशी गार लागते का, मांडीवर हाताचं वजन जाणवतं का, पंख्याचा आवाज येतो का, एवढंच बघावं. ज्यांचं शरीर धोक्याची जागा होऊन बसलंय त्यांना शरीरातली एखादी निरुपद्रवी जागा सापडणं ही खरी सुरुवात आहे. कुणाला ती तळपायांत सापडते, कुणाला हातांत.

मग श्वास. घेण्याकडे अजिबात लक्ष नको, फक्त सोडायचा. बशीतल्या गरम चहावर फुंकर घालताना ओठ जसे होतात तसे करून, चहा सांडणार नाही इतकं हलकेच. पुढचा श्वास शरीर आपला आपण घेतं, त्याला ढकलावं लागत नाही. असे तीन श्वास झाले की थांबायचं, मान वळवून खोलीभर बघायचं, पाणी प्यायचं. पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ झालं. आठवडा-पंधरवड्यात ते सहज वाटू लागलं तर मनातल्या मनात चार आकडे म्हणेपर्यंत घेणं आणि सहा म्हणेपर्यंत सोडणं, असं दोन-चार मिनिटं करता येतं. हिशेब केला तर मिनिटाला सहाच श्वास होतात. आकड्यांचं दडपण येत असेल तर आकडे सोडून द्यावेत. ओठ मिटून हलकेच गुणगुणलं तरी उच्छ्वास आपोआप लांबतो. भ्रामरीत तेच होतं, मात्र इथे कान-डोळे झाकायची सक्ती नको. हृदयाचा, दम्याचा किंवा फिटचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

सराव मन शांत असताना करावा. बुडत असताना पोहायला शिकता येत नाही. मध्येच डोळ्यांत पाणी आलं, हातापायांत बारीक थरथर आली तर घाबरायचं कारण नाही, पुष्कळांना ती येते. जुना प्रसंग अंगावर धावून आला, वर्तमानाचं भान सुटतंय असं वाटलं, तर श्वासाचा सराव तिथेच थांबवावा. उभं राहावं, नळाखाली हात धरावेत, आजची तारीख आणि आपलं वय मोठ्याने म्हणावं. ‘आज अमुक वार आहे, मी एकेचाळीस वर्षांची आहे, हे माझं घर आहे.’ हे वेडगळ वाटेल, पण मेंदूला नेमकी हीच माहिती हवी असते.

या साऱ्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते थांबता येणं. त्या मुलाला कधीच थांबता आलं नव्हतं. मार कधी सुरू होणार, किती वेळ चालणार, कोण कुठे हात लावणार, यातलं काहीही त्याच्या हातात नव्हतं. आता तोच देह, तोच श्वास, पण सुरू कधी करायचं, किती करायचं, कधी पुरे म्हणायचं हे तो स्वतः ठरवतो. दोन श्वासांनंतर ‘आज नको’ म्हणून उठणं हा सरावाचाच भाग आहे. ज्या शिक्षकाला हे पटत नाही, जो ‘त्रास होतोय म्हणजे साफसफाई होतेय, नेटाने बसा’ असं म्हणतो, त्याच्याकडे अशा माणसाने जाऊ नये असं मी ठामपणे म्हणेन. सहन करणं त्याला शिकवायची गरज नाही. ते तो लहानपणीच शिकून बसलाय.

अशा सरावाने किती फरक पडतो? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी २०१४ मध्ये ६४ स्त्रियांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. वर्षानुवर्षं उपचार घेऊनही या स्त्रियांचा आघाताचा विकार हटला नव्हता. दहा आठवडे आघात लक्षात घेऊन शिकवलेला योग केलेल्यांपैकी निम्म्यांहून थोड्या अधिक स्त्रिया शेवटी त्या विकाराच्या निकषांतून बाहेर पडल्या. आरोग्यविषयक वर्गाला गेलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण साधारण पाचात एक होतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिनमच्या छावण्यांमधल्या १८३ जणांवर श्वसनाच्या सरावाचा अभ्यास झाला, त्यातही भीतीची आणि नैराश्याची लक्षणं बरीच उतरली. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या एका प्रयोगात रोज पाच मिनिटं याप्रमाणे महिनाभर वेगवेगळे सराव करून पाहिले. त्यात मनःस्थिती सुधारण्यात सर्वांत पुढे राहिला तो सुस्काऱ्याचा प्रकार. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी थोडा घ्यायचा आणि तोंडाने सावकाश सोडायचा. रडून थकलेलं मूल आईच्या खांद्यावर झोपी जाताना असाच दुहेरी श्वास घेऊन मोठा सुस्कारा सोडतं. ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

यातले प्रयोग लहान आहेत, शेवटचा तर निरोगी माणसांवरचा आहे. त्यांवरून श्वासाने आघात बरा होतो असा डंका पिटणं चूक ठरेल. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवणं आणि त्याचं दुःख करणं, आणि त्यानंतर माणसांत परत येणं. माझ्या समजुतीने श्वासाचं काम मुख्यतः पहिल्या टप्प्यातलं. जे घडलं ते कुणाजवळ तरी बोलण्याइतकी पायाखालची जमीन घट्ट करून देणं. दुसऱ्या टप्प्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक, आणि कुणाला औषधंही लागतात. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

आणि ज्या घरात मार अजून चालूच आहे तिथे श्वासाचा उपाय सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. तिथे आधी बाहेर पडायला मदत हवी. लहान मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तसंच ‘श्वासासोबत राग सोडून द्या, आईवडिलांना माफ करा’ अशी जोडसूचनाही कुणी देऊ नये. माफ करायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. झोप लागण्यासाठी, पोरावर उगारलेला हात मध्येच थांबण्यासाठी माफीची अट नाही.

शिक्षकांना मात्र आजपासून काही करता येईल, आणि त्याला खर्च नाही. ‘डोळे मिटा’ऐवजी ‘हवं तर मिटा, उघडे राहिले तरी चालेल’ म्हणावं. श्वास रोखायचे प्रकार नवख्यांना देऊ नयेत. हात लावण्याआधी प्रत्येक वेळी विचारावं. हॉलचं दार कडी न लावता ठेवावं आणि मध्येच कुणी उठून गेलं तर त्याला सगळ्यांसमोर कारण विचारू नये. २००७ चे आकडे लक्षात घेतले तर चाळीस जणांच्या वर्गात अशी माणसं एक-दोनच असतील असं मानता येत नाही. ती कोण, हे शिक्षकाला कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. सूचना सगळ्यांनाच द्याव्यात.